कॅमेरा धरणारी

"ताई, तो आवाज काढून टाक."

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती लेन्सच्या कडा घासत होती. तिने मशीन बंद केलं आणि वर पाहिलं. दारात धाकटा भाऊ उभा होता. काळा टी-शर्ट, मनगटावर टोकदार खिळ्यांचा पट्टा, डोक्यावर उरलेसुरले लांब केस. चाहते त्याला राक्षस म्हणत. ती छोट्या म्हणायची.

"कसला आवाज?" माहीत असूनही तिने विचारलं.

"तुझा. त्या व्हिडिओतला."

त्याच्या बँडच्या पहिल्या कार्यक्रमाचं जगात तेवढंच चित्रीकरण उरलं होतं. प्रेक्षकांत उभं राहून तिनेच केलेलं. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली ती कॅसेट गेल्या हिवाळ्यात तिने इंटरनेटवर टाकली आणि हेवी मेटलच्या वेड्यांनी ती डोक्यावर घेतली. त्यातलं शेवटचं गाणं तर दुसरीकडे कुठेच रेकॉर्ड झालेलं नव्हतं. त्या गाण्यात राक्षस तोंड फाडून ओरडताना दिसतो. ऐकू येतो तो मात्र एका मुलीचा आवाज, चांगला खणखणीत.

"निघणार नाही," ती म्हणाली. "कॅमेऱ्याचा माईक एवढासा. लांबचे स्पीकर त्याला झेपत नाहीत, सगळं फाटतं. जवळचं तेवढं स्वच्छ येतं, आणि जवळ माझंच तोंड होतं. मला काढलंस तर खाली नुसती खरखर उरेल."

"अगं, पण तिसरी ओळ तू चुकीची गातेस!"

"हो का?"

"हसू नकोस. परवा मी माईक लोकांपुढे धरला, तर अख्खं मैदान तुझ्यासारखं गायलं. मी वेगळं काहीतरी गायला गेलो आणि अडकलो. पोरं काय हसली! म्हणे, राक्षसाला स्वतःचंच गाणं येत नाही."

"मग बरोबर गाऊन दाखवायचं होतंस."

तो स्टुलावर बसला. चष्मा काढून त्याने डोळे चोळले. चष्म्याची एक काडी लटकत होती. न विचारता तिने तो त्याच्या हातातून घेतला आणि बारीक स्क्रूड्रायव्हर शोधला.

"तेच तर येत नाही," तो म्हणाला. "तुझं इतक्यांदा ऐकलंय की तीच चाल डोक्यात बसलीय. चुकीची आहे एवढं कळतं, पण बरोबर काय ते सापडत नाही. शनिवारी रेकॉर्डिंग आहे. गिटारवाला तर वारला. ड्रमरला विचारलं, तर म्हणतो, मी ठोके मोजत होतो, कोण काय गात होतं मला काय ठाऊक!"

ती स्क्रू पिळत राहिली. "गाण्याखाली चाल कोणाची म्हणून नाव येणार?"

"माझं. म्हणजे... पहिल्यापासून सगळ्याच गाण्यांना माझंच येतं ना."

"बसवली कोणी?"

"तू बसवलीस, मी कधी नाही म्हटलंय? पण इतक्या वर्षांनी नाव बदललं तर लोक काय म्हणतील, सांग बरं."

स्क्रू घट्ट झाला होता. तरी तिने अजून अर्धा वेढा दिला.

"ताई." त्याने आवाज खाली आणला. लहानपणी काही हवं असलं की तो असाच बोलायचा. "तुला आठवत असणार. एकदाच गुणगुणून दाखव. तिसरी ओळ फक्त."

तिने फडक्याने काचा पुसल्या, चष्मा स्वतःच त्याच्या नाकावर चढवला, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना ते पाहिलं.

"नीट दिसतंय?"

"हो."

"त्या दिवशी मी पडद्यामागे तुमच्याबरोबर तयार होऊन उभी होते. कॅमेरा हातात देताना तू काय म्हणालास मला?"

त्याने मान खाली घातली. "लहान होतो गं."

"काय म्हणालास?"

बाहेरचं गिऱ्हाईक भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत असल्याचं ऐकू येत होतं. शेवटच्या ओळीशी ते अडखळलं.

"म्हणालो... ताई, तुला गाता येत नाही. तू कॅमेरा धर."

"मग?" ती म्हणाली. "मला कुठे गाता येतं?"

तो पट्ट्याचे खिळे चाचपत उठला आणि गेला. दुकानाचं दार लागल्याचा आवाज आला.

तिने पुढची लेन्स मशीनला लावली आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाल्यावर तिने गाणं सुरू केलं, पहिल्या ओळीपासून. तिसरी ओळ मूळ चालीत जिथे जायची तिथेच गेली, कणभरही न हलता. मशीनच्या आवाजाबाहेर त्यातलं काहीच गेलं नाही.