लाल मासोळी

शनिवारी मार्टिनने त्याच्या टीममधल्या राजसला ट्राउट पकडायला धरणावर नेलं. काठावरून त्याने गळ लावलेली पत्र्याची चंदेरी मासोळी लांब फेकली आणि हळूहळू ओढत आणली. ट्राउट मागोमाग आला आणि काठाजवळून परत फिरला. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"हिला आता तो फसायचा नाही," म्हणत मार्टिनने लाल मासोळी लावली. या वेळी ट्राउट गळाला लागला.

"मासा तोच. रंग तेवढा बदलायचा," मार्टिन म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," राजस जर्मन-मराठीत म्हणाला.

मासा राजसच्या पिशवीत टाकत मार्टिन म्हणाला, "पुढच्या वर्षी तुला पर्मनंट करतो. नक्की."

घरी राजसची बायको सुकन्या मासा साफ करायला बसली, तेव्हा त्याने तिला सांगून टाकलं, "लुडविग्सहाफेनच्या कंपनीच्या ऑफरला नाही कळवतोय. मार्टिन पुढच्या वर्षी पर्मनंट करणार आहे."

"ती ऑफर आत्ताच पर्मनंट आहे ना?"

"हो, पण मार्टिनने शब्द दिलाय."

सुकन्याने मान वर न करता विचारलं, "मागच्या दोन्ही वर्षी काय म्हणाला होता?"

"हेच. पण तेव्हा ऑफिसमध्ये म्हणाला होता."