पेंग मावशींचा कौल

"आजही नाही," वेन्हुआंग बायकोच्या, यालिंगच्या कानाशी पुटपुटला. "देव नुसता हसला. चल, आजही खरेदी नाही."

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भूमिदेवाच्या देवळात पेंग मावशी गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी टाकलेल्या दोन्ही लाकडी चंद्रकोरी सपाट बाजू वर करून फरशीवर पडल्या होत्या. दोन्ही सपाट म्हणजे देव हसला, उत्तर दिलं नाही. एक सपाट आणि एक फुगीर पडली की होकार, आणि तो लागोपाठ तीनदा यावा लागतो. प्रश्न मात्र मनातल्या मनात विचारायचा. देवाला ऐकू गेला की पुरे.

मावशींनी चंद्रकोरी कपाळाला लावल्या, जागच्या जागी ठेवल्या आणि उठल्या. पाऊस असो, ताप असो, गेल्या तीस वर्षांत त्यांचा हा नेम चुकला नव्हता.

तैपेईच्या संगणक बाजारात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा गाळा वेन्हुआंगच्या गाळ्यासमोरच होता. संगणकात बसवायच्या मेमरी-पट्ट्यांच्या चढत्या-उतरत्या भावानं मोठमोठे दुकानदार झोपवले. मावशींचा सौदा मात्र कधी आतबट्ट्याचा झाला नाही.

वेन्हुआंग एका शाळेला दीडशे संगणक जोडून द्यायचं कबूल करून बसला होता. किंमत ठरलेली, तारीख ठरलेली. बाकी सगळे भाग येऊन पडले होते. मेमरी तेवढी राहिली होती. भाव उतरेल म्हणून थांबला, तर तो चढला. दोन दिवस जरा नरमला, पुन्हा चढला. आता चुकलं तर वडिलांच्या वेळेपासूनचा गाळा हातचा जाणार होता. यालिंग त्याला हे रोज न्याहारीबरोबर वाढायची.

"मावशींनी तरी कुठं घेतलीय?" तो म्हणायचा. "देव हो म्हणेल तेव्हा त्या घेतील. मी त्यांच्या आधी पाच मिनिटं घेणार."

"मेमरी हवीय, असं त्या तुला म्हणाल्या?"

"मग रोज कौल कशाला लावतात? दुपारी नूडल्स खाऊ का, म्हणून?"

यालिंगनं कपाळावर हात मारला.

मावशींना हे कळत नव्हतं असं नाही. एका सकाळी गाळ्यातल्या देवापुढं चहाचे तीन पेले मांडता मांडता त्या हळूच म्हणाल्या, "वेन्हुआंग, तू रोज माझ्या मागं मागं देवळात येतोस. स्वतःचं काय ते विचार की. देव काही माझ्या एकटीचा नाही."

"तुमच्या कौलावर माझं भागतंय, मावशी."

"मला मिळतो तो माझ्या प्रश्नाचा कौल असतो, बाबा," त्या म्हणाल्या आणि शेवटचा पेला ठेवायला टाचा उंचावल्या. वसंतात त्यांनी देवाला लाल कापड घातलेल्या उंच चौथऱ्यावर बसवलं होतं. हात पुरायचा नाही, थोडा चहा रोज सांडायचा.

पौर्णिमा आली. मावशींचा त्या दिवशी शाकाहार. संत्री वाहून त्यांनी चंद्रकोरी टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. पुन्हा तसंच. खांबाआड वेन्हुआंगनं श्वास रोखून धरला. तिसऱ्यांदाही तसंच.

मावशी डोळे मिटून, हात जोडून बसून राहिल्या. वेन्हुआंग केव्हाच गल्लीच्या टोकाला पोचला होता. त्यानं दलालाला फोन लावला.

"आ-हाय, मेमरी काढ. मिळेल त्या भावात."

"आज? अरे, आजच्याइतका भाव वर्षात चढला नव्हता."

"उद्या याहून चढणार आहे. मला वरून कळलंय."

"वरून म्हणजे कुठून? बरं, थांब, दुसरा फोन येतोय." बऱ्याच वेळानं आ-हाय परत आला. "नशीबवान आहेस लेका. बाजारात दाणा नव्हता, आत्ता एक माल आलाय. तीनशे पट्ट्या. पण घ्यायच्या तर सगळ्या."

"कुणाचा माल?"

"नाव सांगायची रीत आहे का आपल्यात?"

दीडशे शाळेला लागणार होत्या. उरलेल्या दीडशे उद्याच्या भावानं विकल्या की आजचा चढा भाव आपोआप भरून निघणार, आणि पहिलं गिऱ्हाईक तर समोरच बसलेलं. वेन्हुआंग हो म्हणाला.

पैसे भरून तो आणि यालिंग बँकेतून परतले, तेव्हा खोकी त्यांच्या गाळ्यात रचून ठेवलेली होती. हमालाला घामसुद्धा फुटला नव्हता. "असं सोपं ओझं रोज मिळो," म्हणून तो हसत लिफ्टकडं गेला.

वेन्हुआंगनं सगळ्या मजल्याला साबुदाण्याच्या गोळ्यांचा थंड चहा पाजला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी विचारलं की ज्योतिषी कोण गाठलास. त्याची छाती फुगली होती. इतकी वर्षं सगळा बाजार ज्यांच्या पावलावर पाऊल टाकायचा, त्यांच्या एक पाऊल पुढं तो आज गेला होता.

"मावशी," त्यानं समोर हाक घातली, "बाजारातला माल संपला बरं का. तुम्हाला किती हव्यात? शेजारधर्म म्हणून थोडाच चढवीन."

"मला नकोत रे," मावशी म्हणाल्या. "तुझं चांगलं होवो."

"अरे, इकडं बघ," यालिंग त्याला म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. खोकं फोडायला उचललेली सुरी तिच्या हातात तशीच राहिली होती.

वरच्या खोक्यावर चहाचे तीन गोल डाग होते, एका ओळीत.

वेन्हुआंगनं मान वळवली. समोर चौथरा नव्हता. लाल कापडाची घडी स्टुलावर होती, घडीवर भूमिदेव. मावशी वाकून, टाचा न उंचावता, तिसरा पेला भरत होत्या.

"मावशी," त्यानं विचारलं, "तुम्ही रोज देवाला काय विचारत होता?"

मावशींनी पेला देवापुढं सरकवला.

"'आज विकू का?' एवढंच."