हेल्मेटातला फोन

हेल्मेट डोकं वाचवायला असतं, पण ज्ञानेशनं ते फोन कानाशी दाबून धरायला घेतलं होतं. शिफ्ट सुटली, की चाकणचं ट्रॅफिक चुकवत कंपन्यांमागच्या आडरस्त्यानं गाडी हाणायची आणि कुरुळीच्या खोलीपर्यंत बायकोशी बोलत यायचं. "अहो, थांबून बोला की," विजयश्री म्हणाली. "अगं, दोन्ही हात मोकळे हायत!" तो हसला. तेवढ्यात काहीतरी फरफटल्याचा आवाज आला, मग नुसतं कण्हणं. "कुठं आहात तुम्ही?" "निळ्या गोदामामागं... पाय हालंना. इथं कुणीच नाही." ती खोलीबाहेर धावली. शेजारच्या खोल्यांना कुलपं होती, सगळे कामावर. मदत बोलवायची, तर हाच फोन ठेवावा लागणार होता. परत लावल्यावर त्यानं उचललाच नाही, तर? "विजू, भ्या वाटतंय. फोन ठेवू नको," तो रडत म्हणाला. तिनं ठेवला आणि ११२ लावला.