बदलीचा दोरा

मुलाची परगावी बदली झाली, सूनही सोबत जाणार, हे कळल्यापासून सासूबाईंच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. सूनही त्यांच्यासमोर चेहरा पाडून वावरत होती.

त्या दुपारी "शिंप्याकडे जाऊन येते" असं सांगून ती थेट जुन्या दर्ग्यात आली. डोकं झाकून, आवारातल्या मशिदीच्या अंगणातून कडेकडेने दगडी जाळीपाशी पोचली. नवस फळला की बांधलेला दोरा आपण येऊन सोडायचा, अशी इथली रीत. पण तिचा लाल दोरा काही केल्या सुटेना. ती दातांनी गाठ ओढणार, तोच मागून ओळखीचा खोकला ऐकू आला.

सासूबाई.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. जाळीला बांधलेला दोरा लपवायचा तरी कसा?

"कसला गं नवस?"

दर्ग्यात उभं राहून खोटं कसं बोलायचं? मान खाली घालून ती कशीबशी म्हणाली, "यांच्या... बदलीचा."

सासूबाईंनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.



"मग तो शेजारचा हिरवाही सोड. तोही बदलीचाच आहे, माझ्या बोटांना मघापासून सुटत नाहीये."