पाचवा रविवार

बायको गेली, आणि तिनं पाळलेलं डुक्कर मला तिसऱ्या मजल्यावर सांभाळता येईना. म्हणून मोठं आवार असलेल्या एका बाईंकडे दिलं. त्यांचा नियम असा: ते माझ्यासमोर त्यांच्या हातून खाईपर्यंत मी दर रविवारी यायचं. एकदा खाल्लं की ते रुळलं, मग यायचं नाही.

आज पाचवा रविवार. बाई बादली आणायला आत गेल्या तेवढ्यात मी त्याला किलोभर उकडलेली रताळी चारली. बादली समोर आली तेव्हा पठ्ठ्यानं तोंड फिरवलं.

"झुरतंय हो अजून," मी पडेल चेहऱ्यानं म्हणालो.

बाईंनी त्याच्या पोटावर थाप मारली. "हो ना, काका. झुरून झुरून महिन्यात सहा किलो वाढलंय बिचारं. पुढच्या रविवारी यावंच लागेल तुम्हाला."