परतीची टोपली

तुरुंगाच्या खिडकीतल्या शिपायानं यादीवर बोट फिरवलं. "शुक्री नावाचं इथं कुणी नाही, खाला. हो बाजूला." मबरूकानं मुलासाठी आणलेली शिजवलेल्या कुस्कुसची टोपली त्यानं नाकारली, पण सवयीनं गेल्या आठवड्याची टोपली तेवढी परत केली. तिच्यात धुवायला दिलेला शुक्रीचा सदरा होता, घामानं अजून ओला. चूक उमगताच शिपाई म्हणाला, "आण ती इकडं." मबरूकासोबत कैद्यांचे खटले फुकट लढवणारी वकीलबाई होती. "देऊ नकोस, खाला. यादीतून नाव काढलेल्या कैद्याला मारायला हे मोकळे. कोर्टात हा सदरा दाखवू." मबरूकानं सदरा पोटाशी धरला. रांगेतली एक म्हातारी खिदळली, "नसलेल्या माणसाला घाम येतो होय?" "तुझ्या पोराला पुढची टोपली मिळायची नाही," शिपाई गुरगुरला. "म्हणजे आहे तो इथं," मबरूका म्हणाली. "तेवढं लिहून दे आणि खाली सही कर."