पिशवीतला नारळ

लाल मारुतीचं इंजिन सुरू झालं आणि हिरामणने डोळे मिटून घेतले. बावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. गाडी आपल्याला नुसत्या आवाजावरून कळते असं तो सांगे, आणि इतक्या वेळा सांगे की गावात आता कुणी मुद्दाम विचारत नसे. त्याने डोळे उघडले, मान डोलावली. गाडी पसंत.

त्याच्या लेकीला, दिपिकाला, तर ती गाड्यांच्या आवाराच्या फाटकातून आत येतानाच पसंत पडली होती. तिला अठरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते आणि लायसन हातात येऊन पंधरा दिवस. क्लच दाबून दाबून हिरामणचा डावा गुडघा कामातून गेला होता, तेव्हा यापुढे घरात गाडी चालवणार ती एकटी दिपिकाच. पेणच्या कॉलेजला ती रोज गाडीने जाणार होती, आणि आज रोह्याहून धरमतरला घरापर्यंत तीच गाडी नेणार होती.

तिची आई गोदूबाई कापडी पिशवी पोटाशी धरून बाजूला उभी होती. पोरीने हायवेला ट्रकांच्या मधे गाडी घालायची हे तिला मुळीच मान्य नव्हतं. महिनाभर त्यावरून घरात धुसफूस चालली होती. शेवटी तिने एकच अट घातली, गाडी घ्यायची तर मी बघून. हिरामणने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला, म्हणजे नारळ तिने फोडायचा, आणि निघताना एक नारळ तिच्या पिशवीत टाकून दिला.

जुन्या गाड्या विकणारा पोपटशेठ बोलायचा थांबत नव्हता. गाडी रोह्यातल्याच एका डॉक्टरची. त्यांनी नवी झेन घेतली म्हणून ही काढली. एकहाती वापर, कायम बंद गॅरेजमध्ये, पाण्याचा थेंब माहीत नाही. रंग तेवढा पोपटशेठने हौसेने नवा मारून घेतला होता.

"चल गो, नारळ फोड," हिरामण म्हणाला.

गोदूबाईने नारळ काढला नाही. तिने मागचं दार उघडलं, वाकून रबराची चटई उचलली, तिच्याखालचं जाड कापडही उचललं आणि सीटच्या बुडाशी, पार कोपऱ्यात बोट घासलं. मग ते बोट जिभेवर टेकवलं.

पोपटशेठला हसू फुटलं. दिपिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोदूबाईचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं होतं. कुंडातलं पाणी कितपत तयार झालंय, मीठ धरायला अजून किती दिवस लागतील, हे ती असंच जिभेवर घेऊन सांगायची आणि तिच्या शब्दावर पाणी या कुंडातून त्या कुंडात सोडलं जायचं. आताही तिने घाई केली नाही. जीभ टाळ्याला लावली, बाजूला थुंकली.

"ही गाडी खाडीच्या पाण्यात होती," ती म्हणाली.

पोपटशेठने लगेच सारवासारव केली. डॉक्टरांना समुद्राची भारी हौस. दर रविवारी अलिबाग. पोरं ओल्या पायांनी गाडीत चढणारच. गोदूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि तेच बोट पुन्हा कोपऱ्यात घासून त्याच्यासमोर धरलं. समुद्रावरून आली असती तर वाळू लागली असती, असं तिने त्याला शांतपणे सांगितलं. बोटावर राखाडी, मऊ गाळ होता. बांध फुटून खाडी घरात शिरली की दोन दोन महिने घराच्या कोपऱ्यांतून निघत राहतो, तोच.

हिरामण गुडघ्याला शिव्या देत खाली बसला आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेला. थोडा वेळ नखाने खरवडल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत गंजाचे पापुद्रे होते, एका बाजूने ताजा काळा रंग लागलेले. ब्रेकच्या पाइपाचे होते. त्याने ते मुलीच्या तळहातावर ठेवले.

त्यात काय एवढं, पाइप नवे टाकून देतो, असं पोपटशेठ म्हणाला.

"लोखंडात मीठ शिरलं का निघत नाय, शेठ," गोदूबाई म्हणाली. "मिठागरात आमी लाकडाची फावडी उगाच नाय वापरीत. आज पाइप बदलाल, उद्या दुसरं कायतरी तुटंल. आनि तवा गाडीत माझी पोर आसंल."

दिपिका तळहाताकडे बघत राहिली. लायसन मिळाल्यापासून पहिल्यांदाच तिला भीती वाटली. मागून लगेच आईचा असा काही अभिमान वाटला की मघाशी लाज वाटल्याचीच लाज वाटली. लाल गाडीकडे तिने एकदा बघून घेतलं. वाईट वाटलंच. मग तिने पापुद्रे झटकून टाकले.

शेडच्या टोकाला एक मळकट पांढरी मारुती उभी होती. दाराला पोचा, एका दिव्याची काच तडकलेली. ती दाखवायचं पोपटशेठच्या मनातही नव्हतं. तिचं इंजिन हिरामणने उघड्या डोळ्यांनी ऐकलं, मग आपणहून खाली सरकून पाइप बघितले. उठला आणि गुपचूप बायकोकडे बघितलं.

गोदूबाई जागची हलली नाही. "माझ्याकडं काय बघताव? चालवनार ती."

दिपिकाने मागचं दार उघडलं. चटई उचलली, खालचं कापड उचललं आणि बोट पार कोपऱ्यात घातलं. बोटाला रस्त्याची तांबडी धूळ लागली. तिने ते जिभेवर टेकवलं, जीभ टाळ्याला लावली आणि आईसारखाच वेळ घेतला. पोपटशेठ या खेपेला हसला नाही.

"अळणी हाय," ती म्हणाली.

गोदूबाईने पिशवीतून नारळ काढला.